दिलेलं घड्याळ काढताना

मामाने दिलेलं घड्याळ मनगटावरून काढून तिथे आपल्या पैशाचं, आपल्याला हवं तसं घड्याळ घालावं का? घालायचं ठरलंच, तर मामाला काय सांगावं? प्रश्न एवढाच. तो इतका किरकोळ दिसतो की यावर विचार करत बसलो हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी. पण घरोघरी अशा गोष्टींवरून खोटं बोललं जातं. आणि ज्या गोष्टीसाठी एरवी सरळ असलेली माणसं इतक्या सहज खोटं बोलतात, ती किरकोळ नसावी असा माझा संशय आहे.

भोर तालुक्याच्या पूर्व बाजूला भोंगवली आहे. तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याचा पाऊस आणि भातखाचरं, इकडे पाऊस कमी. या पट्ट्यातली बरीच पोरं नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यांत शिफ्टला जातात. त्यातलाच एक पोरगा डोळ्यांपुढे आणा. नाव नको, कारण असे पोरगे एका आळीत चार सापडतील. डिप्लोमा झाला, दोन वर्षं कंत्राटावर काढली, मग पर्मनंट झाल्याचं पत्र आलं. त्या दिवाळीत मामाने भोरला जाऊन त्याच्यासाठी घड्याळ आणलं. सोनेरी, धातूच्या पट्ट्याचं, तारीख-वार दाखवणारं, सेलवर चालणारं. पट्टा सैल होत होता म्हणून दुकानातून दोन कड्या काढून आणल्या. मामी म्हणाली, "आता कसा साहेब दिसतोय."

पोराने ते दीड वर्ष घातलं. दरम्यान फोनवर घड्याळांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आणि त्याला ऑटोमॅटिक घड्याळ हवंसं झालं. स्टीलचं, साधी काळी तबकडी, पाठीमागे काच, आत फिरणारं यंत्र दिसतं असं. पगारातून थोडे थोडे करून पैसे साठलेत. अडचण एकच. मनगट एक आहे, आणि मामा दर दोन-तीन आठवड्यांनी भेटतो.

हे ऑटोमॅटिक म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण पेच तिथेच आहे. या घड्याळात सेल नसतो. आत गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटत जाते तसे काटे फिरतात. जुन्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. ऑटोमॅटिकमध्ये एक अर्धगोल वजन बसवलेलं असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. म्हणजे घालणाऱ्याच्या हालचालीवर घड्याळ चालतं. काढून ठेवलं तर साधारण चाळीस तास तग धरतं. शुक्रवारी रात्री काढलं, तर रविवारी दुपारी जेवायला बसेपर्यंत थांबलेलं असतं.

सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झ स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या मोजणीवर काटे सरकतात. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांत तेच काम एक चाक सेकंदाला सहा किंवा आठ ठोके देऊन करतं. परिणाम उघड आहे. साधं सेलचं घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं, परवडणारं ऑटोमॅटिक दिवसाला दहा-वीस सेकंद चुकू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये ज्याला अचूकतेचं प्रमाणपत्र मिळतं, त्या घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा असते. शिवाय काही वर्षांनी उघडून, साफ करून, तेलपाणी करून घ्यावं लागतं, आणि त्या एका सर्व्हिसिंगच्या पैशात मामाच्या घड्याळाचे कित्येक सेल येतील.

म्हणजे पोरगा स्वतःचे दहा-पंधरा हजार घालून जे घेणार आहे, ते मामाच्या घड्याळापेक्षा वेळ वाईट दाखवणार आहे. हे आधी कबूल करून टाकावं. कारण कबूल केलं नाही, तर पुढची सगळी वाक्यं बिघडतात. 'कंपनीत अचूक वेळ लागते', 'हे जास्त टिकतं', 'सेल बदलायचा त्रास वाचतो' ही सगळी गरजेची भाषा आहे, आणि इथे गरज नाही. वेळ बघायला खिशात फोन आहेच. पोराला ते घड्याळ आवडतं, एवढं एकच खरं कारण आहे.

आपल्या घरांत मोठ्यांसमोर गरज सांगता येते, आवड सांगताना जीभ अडखळते. गाडी घ्यायची तर 'शिफ्टला जायला लागते', फोन घ्यायचा तर 'ऑफिसचं काम असतं'. आवडतं म्हणून घेतलं, हे कारण उधळेपणाच्या शेजारी बसलेलं असतं. त्यामुळे पोरं आवडीला गरजेचे कपडे घालून घरात आणतात. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. भेटीच्या बाबतीत मात्र बिघडतं. 'मला यापेक्षा चांगल्या घड्याळाची गरज होती' याचा अर्थ 'तुम्ही दिलेलं कमी पडलं' असाच होतो. पोरगा वाचवायला बघतो स्वतःला, आणि निकाल लागतो मामाच्या पारखीचा.

मामाच्या पारखीला इतिहास आहे, तोही बघावा. आपल्याकडे घड्याळ घराघरांत नेलं एचएमटीने. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला कारखाना निघाला आणि पुढे जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं खेड्यापाड्यांत पोचली. दहावी पास झाला, नोकरी लागली, लग्न ठरलं की एचएमटी. कांचन नावाचं सोनेरी घड्याळ ऑटोमॅटिकच होतं, आणि लग्नात जावयाला द्यायला त्याला मोठी मागणी असे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या भाताच्या वाणाला एचएमटी हे नाव पडलं ते या घड्याळावरूनच. आपल्या भागात आंबेमोहर-इंद्रायणीचं कौतुक, त्यामुळे हे इकडे कमी लोकांना माहीत असतं. पण एखाद्या घड्याळाचं नाव भाताला द्यावंसं वाटणं, ही त्या काळी त्या घड्याळाला किती मान होता याची खूण आहे.

मग सेलचं घड्याळ आलं. सेइकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं २५ डिसेंबर १९६९ ला, आणि तेव्हा त्याची किंमत एका लहान मोटारीइतकी होती. दहा-पंधरा वर्षांत ते इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडचे कारखाने पटापट बंद पडले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनची देखणी सेलची घड्याळं दुकानांत मांडली गेली आणि घड्याळ ही भेट द्यायची वस्तू आहे हे जाहिरातींनी नव्याने शिकवलं. एचएमटीचा घड्याळांचा धंदा रोडावत गेला आणि २०१६ मध्ये सरकारने तो बंद करायचा निर्णय घेतला.

मामाचं तरुणपण या उलथापालथीतलं. त्याच्या बापाच्या हातात चावीचं घड्याळ, जे रोज मागे पडायचं. त्याच्या डोळ्यांपुढे सेलचं घड्याळ आलं, जे पडत नव्हतं. 'सेलचं आहे' हे शब्द त्याने कौतुकाने ऐकलेत. तेव्हा त्याने भाच्यासाठी सोनेरी, सेलचं, तारीख-वाराचं घड्याळ निवडलं, ते काही न कळून निवडलेलं नाही. त्याच्या मते जे उत्तम, तेच त्याने आणलं. भाच्याला आता मामाच्या बापाच्या काळातलं यंत्र हवंय, ही मामाला विचित्र वाटणारच अशी गोष्ट आहे. "पैसं देऊन मागं का गेलास रं?" असं त्याने विचारलं, तर तो प्रश्न अडाणीपणाचा नाही, बरोबर आहे.

आता हक्काचं बघू. कायद्याने यात काही पेच नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भेटीची व्याख्या आहे: राजीखुशीने, मोबदल्याशिवाय द्यायचं आणि घेणाऱ्याने स्वीकारायचं. स्वीकारलं की वस्तू त्याची, देणाऱ्याला मन मानेल तेव्हा परत मागता येत नाही. आपल्या धर्मशास्त्रातली दानाची कल्पनाही इथवर सारखीच आहे. स्वतःचा हक्क सोडायचा आणि दुसऱ्याचा निर्माण करायचा, म्हणजे दान. यज्ञात आहुती देताना 'न मम', माझं नाही, असं म्हणतात ते यासाठीच. या हिशोबाने घड्याळ भाच्याचं झालं. त्याने घालावं, ठेवावं, विकावं.

पण मामाने दान दिलेलं नाही. दान दिल्यावर माणूस मागे वळून बघत नाही, आणि मामा तर भेटला की आधी मनगटाकडे बघतो. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जगभरच्या भेटींच्या चाली गोळा करून दाखवलं की भेट दिली तरी ती देणाऱ्यापासून पुरती सुटत नाही. तिच्यामागून देणाऱ्याचं काहीतरी येतं आणि परतफेडीची अपेक्षा येते. आपल्याला हे सांगायला पॅरिसहून कुणी यायची गरज नव्हती. आपल्याकडे आहेराची वही असते. कुणी किती घातले ते लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरच्या लग्नात वही काढून बघतात.

त्याच लग्नांत टॉवेल-टोपीचा आहेरही असतो. तो टॉवेल कुणी वापरत नाही. तो पुढच्या लग्नात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. एकच टॉवेल चार मांडव फिरून येतो आणि कुणाला वाईट वाटत नाही, कारण तो तुमच्यासाठी निवडलेला नसतो. तो मान असतो. मान पोचला की टॉवेलाचं काम संपलं. घड्याळाचं तसं नाही. मामाने काचेच्या कपाटापुढे उभं राहून, हे नको ते दाखवा म्हणत, पोराचं मनगट आठवून ते घेतलेलं असतं. त्यात त्याने खर्च केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ते लक्ष आहे, पैसे नंतर. त्यामुळे पोराकडे काही देणं असेलच तर ते त्या लक्षाचं आहे. घड्याळ आयुष्यभर हातात ठेवणं ही त्याची परतफेड नव्हे, आणि त्या लक्षाची दखलच न घेता ते गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकणं हीसुद्धा नव्हे. रोमन विचारवंत सेनेका म्हणत असे की उपकार आनंदाने स्वीकारला, की परतफेडीचा पहिला हप्ता भरला गेला. दीड वर्ष रोज घातलेलं घड्याळ हा बराच मोठा हप्ता झाला.

म्हणून काढायला हरकत नाही, असं माझं मत आहे. अवघड आहे ते सांगणं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे 'मामा, ते बिघडलं.' ही वाट दिसते मऊ, पण तिच्यात एक काटा आहे. मामा लगेच म्हणेल, "आण इकडं, गॅरंटीत आहे, दुकानदाराला बघतो." म्हणजे पहिल्या खोट्याला दुसरं लागणार. ते जाऊ द्या. खरी वाईट गोष्ट वेगळीच आहे. बिघडलं म्हटलं की दोष मामाच्या घड्याळावर गेला. आपण फसलो, पोराला हलकी वस्तू दिली, असं तो मनात घेऊन बसेल. त्याला दुखवायचं नाही म्हणून बोललेलं खोटं त्यालाच अपराधी करतं. 'हरवलं' म्हटलं तर तो पोराला निष्काळजी समजेल, एवढंच. खोटंच बोलायचं तर निदान ओझं स्वतःवर येणारं बोलावं. पण मुळात दोन्ही नकोत. खरं बोलावं, गोड बोलावं, कडू खरं बोलू नये, हे सुभाषित सगळ्यांना पाठ असतं आणि लोक तिथेच थांबतात. त्याच्या पुढे लगेच म्हटलंय की गोड असलं तरी खोटं बोलू नये. तो तुकडा सोयीने गळतो.

दुसरी वाट: मामा येणार असेल तेव्हा त्याचं घालायचं, एरवी आपलं. याला ढोंग म्हणणारे मला भेटलेत. मला ते पटत नाही. आत्याने दिलेली साडी तिच्या घरच्या पूजेला नेसून जाणं हे ढोंग आहे का? आत्यालाही माहीत असतं की ही साडी रोजची नाही, आज माझ्यासाठी नेसलीय. जो रिवाज दोघांनाही माहीत आहे, त्यात फसवणूक होत नाही. फसवणूक तेव्हा सुरू होते, जेव्हा मामा विचारतो, "रोज घालतोस का?" आणि पोरगा हो म्हणतो. तोवर ती एक सभ्य रीत आहे. मात्र एका मनगटाची दोन वेळापत्रकं सांभाळणं दमवतं, आणि गावात लपत नाही. शिरवळच्या चहाच्या टपरीवर मामाच्या गावचं कुणी ना कुणी भेटतंच.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो. जपून बोलायचं ओझं सगळ्यांवर सारखं नसतं. भाच्याने घड्याळ बदललं तर फार तर चार दिवस थट्टा होईल. नव्या सुनेने सासूने दिलेलं घड्याळ काढून दुसरं घातलं तर भावकीत विषय होतो, आणि तिने किती गोड शब्दांत सांगितलं हे कुणी विचारत नाही. जावयाचं तर उलटंच. २०२३ च्या अधिक श्रावणात कितीतरी जावयांना धोंड्याचं वाण म्हणून घड्याळं मिळाली असतील. ती त्यांनी घातली नाहीत तर 'आवडलं नसेल' म्हणून सासराच ओशाळतो. ज्याला कुणी जाब विचारणार नाही, त्याने जास्त जपून बोलावं, असं मला वाटतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

तिसरी वाट सांगण्याची. मात्र गरजेच्या भाषेत नाही. मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे आणि मामाला तो पाठ आहे: हौस. ज्या मामाच्या गोठ्यात शर्यतीचा बैल आहे, त्याला हौस समजावून सांगायची नसते. शेताला ट्रॅक्टर आहे, बैलाची गरज नाही, तरी त्याला खुराक चालू आहे. २०१४ पासून शर्यती बंद होत्या तेव्हाही चालू होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली तेव्हा याच मामाने गुलाल उधळला असेल. ट्रॅक्टर असताना बैल का, याचं जे उत्तर, तेच सेलचं घड्याळ असताना ऑटोमॅटिक का याचं. जिवंत वाटतं म्हणून. आपला हात हलला की ते चालतं म्हणून. हे कारण मामाच्या घड्याळाला कमी लेखत नाही, कारण बैलाच्या हौसेने ट्रॅक्टर वाईट ठरत नाही.

तेव्हा नवं घड्याळ त्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी त्याच्या हातात द्यावं. आधी विचारायची गरज नाही, परवानगी मागितली तर नाही म्हणायचं ओझं त्याच्यावर पडतं. घेतल्यावर मात्र पहिल्या भेटीत. "मामा, हे हौसेनं घेतलं. तुमचं सणावाराला घालणार, हे कंपनीत." आणि मागची काच दाखवावी. रोटर फिरताना बघून मामा चिडायचा आधी कान लावून बघेल, असा माझा अंदाज आहे. चिडला तर चिडू द्यावं. थोडं वाईट वाटायचा त्यालाही हक्क आहे. ते वाईट वाटणं संपूर्ण टाळायच्या नादातच माणसं खोटं बोलतात. आणि सणावाराला घालणार म्हटलं, तर खरंच घालावं.

निवडीबद्दल थोडं. एवढं सगळं करायचं, तर घड्याळ निदान स्वतःच्या आवडीचं हवं, व्हिडिओतल्या माणसाच्या नव्हे. पसंत पडलेलं मॉडेल लिहून ठेवावं आणि सहा महिन्यांनी परत बघावं. तेव्हाही हवं वाटलं तर घ्यावं. बारीक मनगटाला ३८ ते ४० मिलिमीटर पुरे, त्यावरचं ताटलीसारखं दिसतं. दुरुस्ती पुण्यात तरी होईल असंच यंत्र बघावं. मशीनवर काम करताना हादरे आणि चुंबकं दोन्ही वाईट, तेव्हा लाइनवर असताना खिशात ठेवलेलं बरं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये, आतले दात त्या वेळी अडकलेले असतात. जुनं एचएमटी स्वस्तात मिळतंय म्हणून ऑनलाइन घेताना तबकडी बघावी; पुष्कळ ठिकाणी जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेल्या तबकड्या बसवून विकतात.

आणि सणावाराचं म्हणून ठेवलेलं मामाचं घड्याळ? ऑटोमॅटिक न घालता ठेवलं तर नुसतं थांबतं. सेलचं मात्र ड्रॉवरमध्ये चालत राहतं, आणि सेल संपला की तो कधीकधी आत पाझरून यंत्र खातो. त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावा. घरात वडिलांचं मनगट रिकामं असेल, तर मामाला विचारून त्यांच्या हातावर चढवता येईल. इथे मात्र विचारायचं, कारण त्याने ते दाजींसाठी निवडलेलं नव्हतं. तो हो म्हणाला, तर दुकानात काढलेल्या त्या दोन कड्या घड्याळाच्या डबीत असतील, त्या आधी शोधाव्यात. वडिलांचं मनगट जाड आहे.